पानावरची रेघ कुणाची? हनीसकलच्या माशीचा पावणेतीनशे वर्षांचा शोध

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी ही उजळणी, आणि ज्यांना लोकलच्या गर्दीत धड ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. मागच्या वेळी राजे-लढाया झाल्या, आज जरा वेगळा इतिहास आहे. आजचा नायक आहे दोन-तीन मिलिमीटरची एक माशी, आणि पुरावा म्हणून तिने मागे सोडलेली एक रेघ.

ही रेघ तुम्ही पाहिलेली आहे. टोमॅटोचं, वाटाण्याचं नाहीतर कुंडीतल्या लिंबाचं पान आठवा. हिरव्या पानावर पांढरी, नागमोडी रेघ, जणू कुणी लहान मुलाने खडूने गिरगोटा केलाय. आपल्याकडे शेतकरी हे काम करणाऱ्या किडीला नागअळी म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, कारण रेघ सापासारखीच वळत जाते.

आता तुम्ही-मी काय करतो? फोन काढतो, फोटो काढतो, अ‍ॅपमध्ये टाकतो. दोन सेकंदांत एक लॅटिन नाव येतं. आपण खूश!

पण एक साधा प्रश्न. फोटोत माशी नाहीच आहे. फोटोत फक्त रेघ आहे. मग नाव आलं कुठून? आणि ते बरोबर आहे हे कसं ठरवायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसांना पावणेतीनशे वर्षं लागली, आणि ती गोष्ट एका वेलीवर फार छान दिसते. त्या वेलीचं नाव हनीसकल.

हनीसकल म्हणजे नक्की काय?

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे कंपाउंडवर चढवलेल्या मधुमालतीला काही जण हनीसकल म्हणतात. ती वेगळी, तिचं इंग्रजी नाव रंगून क्रीपर. खरा हनीसकल म्हणजे लॉनिसेरा या प्रजातीतल्या वेली आणि झुडपं. आपल्या हिमालयातही त्याच्या काही जाती वाढतात, पण आपली गोष्ट घडते युरोपात, जिथे तो कुंपणांवर, रानाच्या कडेला आणि बागांमध्ये सगळीकडे असतो. संध्याकाळी त्याच्या फुलांचा वास सुटतो आणि पतंग गोळा होतात. फ्रेंच लोक त्याला ‘शेव्रफय’ म्हणतात, म्हणजे शब्दशः शेळीचं पान. लॉनिसेरा हे नाव लिनियसने सोळाव्या शतकातल्या आदाम लोनिसर या जर्मन वनस्पतीतज्ज्ञावरून दिलं.

तर या शेळीच्या पानावर शेळीच्या आधी कुणीतरी येऊन जेवून जातं. पश्चिम युरोपात हनीसकलची पानं पोखरणाऱ्या माश्यांच्या निदान सहा जाती आहेत, आणि त्या सगळ्या एकाच कुलातल्या, अ‍ॅग्रोमायझिडी. या कुलात जगभरात सुमारे ३,००० जाती आहेत. सगळ्या बारीक, काळ्या, करड्या किंवा पिवळसर. नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या तर सगळ्या एकाच घरातल्या वाटतात.

आता बघा, एकच वेल, एकच कुल, सहा संशयित. ओळख परेड कशी घ्यायची?

रेघ म्हणजे अळीची डायरी

आधी गुन्हा कसा घडतो ते समजून घेऊ.

मादी माशीच्या पोटाच्या टोकाला टोकदार नळी असते. ती नळी पानात खुपसून ती बारीक भोक पाडते. काही भोकांमध्ये अंडं घालते, आणि बाकीच्या भोकांतून झिरपणारा रस स्वतः पिते. नराकडे अशी नळीच नाही, म्हणून तोही मादीने पाडलेल्या भोकांवरच पोट भरतो. फायटोमायझा या नावाचा अर्थच मुळी झाडाचा रस शोषणारी.

अंड्यातून अळी बाहेर येते ती थेट पानाच्या आत. पानाला वरची साल आणि खालची साल असते आणि मधे हिरवा गर. अळी फक्त गर खाते. साली तशाच राहतात, म्हणून रेघ पांढरी, पारदर्शक दिसते. अळीला पाय नसतात, वेगळं डोकंही नसतं. तोंडाला काळे आकडे असतात. ती कुशीवर पडते आणि ते आकडे विळ्यासारखे फिरवत पुढे सरकते. मधूनच कूस बदलते. त्यामुळे तिची विष्ठा रेघेच्या कधी डाव्या कडेला पडते, कधी उजव्या. अळी दोनदा कात टाकते, मोठी होते, आणि रेघही रुंद होत जाते.

म्हणजे रेघेचं बारीक टोक म्हणजे बालपण आणि जाड टोक म्हणजे तारुण्य. विष्ठेचे काळे ठिपके कसे पडलेत त्यावरून अळी कशी झोपायची तेही कळतं. पतंगाची अळी असेल तर गोष्ट वेगळी. तिला स्पष्ट डोकं असतं, आणि लांब रेघ काढणाऱ्या पतंगांच्या बाबतीत विष्ठेची ओळ बहुतेकदा रेघेच्या मधोमध जाते. माशी की पतंग, हा पहिला निवाडा पान उजेडासमोर धरूनच होऊ शकतो.

हे आज सोपं वाटतं. पण कुणीतरी हे पहिल्यांदा बसून पाहिलं होतं.

१७३७: आत डोकावणारा माणूस

फ्रान्समधले रेओम्युर हे नाव काहींनी तापमापकाच्या संदर्भात ऐकलं असेल. त्यांच्या नावाची तापमानाची मोजपट्टी एके काळी युरोपभर चालायची. याच माणसाने १७३४ ते १७४२ या काळात कीटकांच्या इतिहासावर सहा जाडजूड खंड लिहिले. १७३७ साली आलेल्या तिसऱ्या खंडात त्यांनी पानं पोखरणाऱ्या अळ्यांवर आख्खं प्रकरण लिहिलं. पानाच्या दोन सालींमध्ये राहणारे हे जीव कसे खातात, कसे पुढे जातात, त्यातून शेवटी काय बाहेर पडतं, हे सगळं त्यात आहे. कुणाचा पतंग होतो, कुणाची माशी, कुणाचा भुंगेरा.

म्हणजे एक गोष्ट तेव्हाच कळली होती. पानावर सारखीच रेघ काढणारे प्राणी मुळात अगदी वेगवेगळे असू शकतात.

पण त्यानंतर गाडी रुळावरून घसरली. लिनियसची नाव द्यायची पद्धत आली, सगळीकडे पसरली, आणि नावं दिली जाऊ लागली ती प्रौढ किड्यांना. जाळी घेऊन कुरणात फिरायचं, माशी पकडायची, टाचणीला टोचायची, वर्णन लिहायचं. स्वीडनमध्ये फालेन यांनी १८१० साली अ‍ॅग्रोमायझा आणि फायटोमायझा या प्रजाती उभ्या केल्या. जर्मनीत माइगेन यांनी माश्यांच्या शेकडो जातींना नावं दिली. काम प्रचंड होतं, यात शंकाच नाही. पण जाळ्यात सापडलेली माशी कुठल्या झाडावर वाढली हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ‘काळ्या शिंगांची’, ‘पिवळ्या डोक्याची’ एवढ्याच वर्णनावर नाव पडायचं.

तिकडे माळी रेघ बघायचा, पण त्याला माशी माहीत नसायची. इकडे संग्राहकाकडे माशी असायची, पण त्याला रेघ माहीत नसायची. दोघांकडे अर्धा अर्धा पुरावा होता.

१८५१: कर्नल आणि डॉक्टर

हे दोन अर्धे तुकडे जोडायचा एकच मार्ग आहे. रेघ असलेलं पान तोडा, बरणीत ठेवा, आणि वाट बघा. अळी कोषात जाईल, कोषातून माशी निघेल. आता तुमच्याकडे झाड आहे, रेघ आहे, कोष आहे आणि माशीही आहे, सगळं एकाच चिठ्ठीखाली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बग पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही.

हे काम मन लावून करणाऱ्यांपैकी एक होते कर्नल गुरो. पूर्ण नाव क्लोद-शार्ल गुरो, जन्म १७९०, फ्रेंच लष्कराच्या अभियंता दलातले अधिकारी. १८५१ साली त्यांनी पानं पोखरणाऱ्या माश्यांवर एक मोठा निबंध फ्रान्सच्या कीटकशास्त्र संस्थेच्या वार्षिकात छापला. त्याची मांडणी झाडांवरून आहे. या झाडाच्या पानावर अशी रेघ, तिच्यातून ही माशी.

त्यांच्या जोडीला होते डॉक्टर रोबिनो-देवुआदी. बर्गंडीतल्या सँ-सोव्हर गावात डॉक्टरकी करणारे, आणि उरलेल्या वेळात माश्यांमध्ये बुडालेले. १८३० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांचा माश्यांवरचा भलामोठा ग्रंथ छापला होता. त्यांच्यावर एक आरोप कायम व्हायचा, आणि तो खोटा नव्हता. जरा फरक दिसला की हे लगेच नवी जात, नवी प्रजाती जाहीर करायचे. त्यांनी दिलेली कितीतरी नावं नंतर रद्द झाली.

पण १८५१ साली त्यांनी एक वेगळा लेख छापला. त्या लेखाच्या शीर्षकातच लिहिलंय की या माश्या ‘कर्नल गुरो यांच्याकडे बाहेर पडलेल्या’ आहेत. म्हणजे बरण्या कर्नलच्या आणि वर्णनं डॉक्टरांची. कुणाच्या कामावर आपण उभे आहोत हे शीर्षकातच सांगून टाकलं. आजकाल कोड कॉपी करतानाही लोक एवढं श्रेय देत नाहीत!

हनीसकलच्या माश्यांपैकी दोन जातींना त्याच साली नाव मिळालं. डॉक्टरांनी नाव दिलं ‘लॉनिसेरी’, म्हणजे लॉनिसेरावरची. कर्नलनी नाव दिलं ‘एप्रिलिना’, त्यात चक्क एप्रिल महिना आहे. ‘काळ्या शिंगांची’ वगैरे वर्णनाऐवजी झाड आणि ऋतू आता नावात आले.

बरण्यांमधून अजून एक गोष्ट बाहेर पडायची, आणि पानं पाळणाऱ्या प्रत्येकाला ती भेटतेच. माशीची वाट बघत बसावं तर कोषातून निघते एक बारीकशी गांधीलमाशी. या परोपजीवी गांधीलमाश्या नागअळीच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालतात आणि तिला आतून संपवतात. बरणीवाला वैतागतो, कारण त्याची माशी गेली. पण या छोट्या गांधीलमाश्या लक्षात ठेवा, शेवटाकडे त्या परत येणार आहेत.

झाडावरून शोधा

पुढची पायरी एका शाळामास्तरांची. जर्मनीतल्या आखेन शहरात काल्टेनबाख नावाचे शिक्षक होते. १८७४ साली त्यांचा झाडांच्या शत्रूंवरचा ग्रंथ पूर्ण झाला. त्याची रचना किड्यांवरून नाही, झाडांवरून आहे. आधी झाड काढा, मग त्यावर कोण कोण येतं ते वाचा. म्हणजे हातात फक्त पान असलेल्या माणसालाही आता सुरुवात करता येऊ लागली.

विसाव्या शतकात हे काम पक्कं झालं ते तीन माणसांमुळे. व्हिएन्नाचे हेंडेल यांनी १९३०च्या दशकात प्रौढ माश्यांचा आधारग्रंथ लिहिला. हॉलंडचे द मेयेरे यांनी अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि १९२५ पासून त्यांच्यावर लेखमाला चालवली. अळीच्या मागच्या टोकाला दोन श्वासरंध्रं असतात, आणि प्रत्येकावर बारीक बारीक फुगवटे. त्या फुगवट्यांची संख्या आणि मांडणी जातीजातीत बदलते. हनीसकलच्या आणखी काही माश्या, उदाहरणार्थ ‘पेरिक्लिमेनी’, त्यांनीच १९२४ साली वेगळ्या काढल्या.

तिसरे बर्लिनच्या संग्रहालयातले हेरिंग. १९५१ साली त्यांचं पानं पोखरणाऱ्या कीटकांच्या जीवनावरचं पुस्तक आलं, आणि १९५७ साली युरोपातल्या सगळ्या रेघांची तीन खंडांची किल्ली. किल्ली म्हणजे प्रश्नोत्तरांची साखळी. झाड कुठलं? रेघ की डाग? विष्ठा कशी? कोष आत की बाहेर? एकेक उत्तर देत गेलात की शेवटी नाव. हनीसकलच्या एका माशीला हेरिंग यांनी १९२६ साली ‘हेंडेलियाना’ असं नाव दिलं, त्या व्हिएन्नाच्या हेंडेल यांच्या मानासाठी.

चला, हीच किल्ली आपण हनीसकलवर चालवून बघू. समजा पान तुमच्या हातात आहे.

पहिला प्रश्न: रेघ आहे की पसरट डाग? मोठा, वेडावाकडा डाग असेल तर संशय ‘पेरिक्लिमेनी’वर.

दुसरा प्रश्न: रेघ असेल तर तिची सुरुवात कशी झाली? सुरुवातीला पानाच्या शिरेजवळ चांदणीसारखा फाटे फुटलेला ठिपका, आणि मग त्यातून निघालेली रेघ असेल तर ‘एप्रिलिना’कडे बोट जातं. सुरुवातीपासून साधी बारीक रेघच असेल तर ‘ऑलाग्रोमायझा’ या दुसऱ्या प्रजातीतल्या माश्या, म्हणजे ‘हेंडेलियाना’ आणि तिच्या बहिणी.

तिसरा प्रश्न: कोष कुठे आहे? ‘एप्रिलिना’, ‘लॉनिसेरी’ यांचा कोष रेघेच्या आतच, पानात अडकलेला सापडतो. ‘ऑलाग्रोमायझा’ची अळी मात्र पानाला चीर पाडून बाहेर पडते आणि कोष बाहेर होतो.

आता फोटोकडे परत बघा. रेघेची सुरुवात त्यात नीट दिसते का? पानाची दुसरी बाजू दिसते का? कोष आत आहे की बाहेर हे कळतं का? बहुतेक वेळा नाही. म्हणजे ज्या खुणांवर नाव ठरतं, त्यातल्या अर्ध्या फोटोत आलेल्याच नसतात.

आणि तरीही चूक होतेच

इतकं करूनही गोष्ट संपत नाही. कारण काही जाती रेघेवरूनही वेगळ्या होत नाहीत आणि माशीच्या रंगावरूनही नाही. तिथे नर माशीचं पोट उघडून तिच्या जननेंद्रियाची रचना बघावी लागते. वाचताना विचित्र वाटेल, पण कीटकशास्त्रात ही अगदी रोजची पद्धत आहे. १९५०-६०च्या दशकांत ती या कुलात रुळली, आणि जुन्या नावांची झाडाझडती सुरू झाली.

त्यातलं मोठं काम ग्रॅहम ग्रिफिथ्स यांचं. पुढे ते कॅनडात एडमंटनला काम करत होते. १९७३ साली त्यांनी हनीसकलवरच्या ‘कॉर्निगेरा’ या माशीचं वर्णन केलं. विचार करा, माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, आणि युरोपातल्या कुंपणावरच्या वेलीवर कोण जेवतंय त्याची यादी त्यानंतरही पूर्ण झाली नव्हती! १९७४ साली त्यांनी हनीसकलच्या कुळातल्या झाडांवरच्या ‘क्रोमॅटोमायझा’ माश्यांची सगळी उजळणी केली. क्रोमॅटोमायझा ही प्रजाती जेम्स हार्डी या ब्रिटिश निसर्गप्रेमीने १८४९ साली सुचवली होती.

मग आलं डीएनए. २००९ साली विंकलर, शेफर आणि मिटर या अमेरिकेतल्या संशोधकांनी या माश्यांचा रेण्वीय वंशवृक्ष मांडला. त्यात दिसलं की क्रोमॅटोमायझा हे एक सलग घराणं नाहीच, त्याचे सदस्य फायटोमायझाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेत. म्हणून ती प्रजाती त्यांनी फायटोमायझातच विलीन केली. परिणाम काय? आपली ‘एप्रिलिना’ परत फायटोमायझा एप्रिलिना झाली, जशी १८५१ साली कर्नलनी तिला लिहिली होती. आडनाव बदललं, परत बदललं, पण ‘एप्रिलिना’ हे नाव टिकलं. का टिकलं? कारण त्या नावामागे झाड, रेघ आणि पाळून मिळवलेली माशी होती.

वाटाण्याच्या पानावर तोच कर्नल

आता तुम्ही म्हणाल, युरोपातल्या वेलीवरच्या माशीचं आम्हाला काय? थांबा.

आपल्याकडे वाटाण्यावर, मोहरीवर जी नागअळी येते, तिचं शास्त्रीय नाव आहे फायटोमायझा हॉर्टिकोला. हे नाव कुणी दिलं? कर्नल गुरो यांनी. कधी? १८५१ साली! एप्रिलिनाचं आणि आपल्या वाटाण्यावरच्या माशीचं नाव एकाच माणसाने एकाच वर्षी दिलंय.

पण जुनी भारतीय कृषी पुस्तकं उघडलीत तर तिथे हे नाव सापडणार नाही. तिथे आहे ‘फायटोमायझा अ‍ॅट्रिकॉर्निस’. हे माइगेन यांनी १८३८ साली दिलेलं नाव, अर्थ काळ्या शिंगांची. जाळीवाल्यांच्या काळातलं. शंभराहून जास्त वर्षं जगभर हेच नाव चाललं. मग १९६७ साली ग्रिफिथ्स यांनी नरांची आतली रचना तपासून दाखवलं की या एका नावाखाली दोन जाती नांदतायत. एक ‘सिंजेनेसी’, जी मुख्यतः शेवंतीच्या कुळातल्या झाडांवर जगते. दुसरी ‘हॉर्टिकोला’, जी वाटाणा, मोहरी आणि आणखी कितीतरी कुळांतल्या झाडांवर. म्हणजे दोन वेगळ्या खानावळींचा हिशोब इतकी वर्षं एकाच वहीत लिहिला जात होता.

भारतातही हे काम झालं. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजमधून संतोख सिंग आणि इपे यांनी १९७३ साली भारतातल्या अ‍ॅग्रोमायझिडी कुलावर ग्रंथ काढला. तेच १९७३, ‘कॉर्निगेरा’चं वर्ष.

नावात काय आहे?

बरंच काही आहे. आपल्या महाराष्ट्रातलीच तीन पानं शेजारी शेजारी ठेवू.

पहिलं पान नागपूरच्या संत्र्याचं. त्यावरची चंदेरी, नागमोडी रेघ. तिलाही आपण नागअळीच म्हणतो. पण ती माशी नाही, पतंग आहे.

दुसरं पान टोमॅटोचं. त्यावरची नागअळी मात्र माशी, लिरिओमायझा ट्रायफोली. ही मूळ अमेरिकेतली. शेवंतीच्या कलमांमधून जगभर पसरली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात नोंदली गेली.

तिसरं पानही टोमॅटोचं. त्यावरही पांढरे पोखरलेले भाग. पण हा टूटा अ‍ॅब्सोलुटा नावाचा दक्षिण अमेरिकी पतंग. २००६ साली स्पेनमध्ये पोहोचला आणि २०१४ साली महाराष्ट्र-कर्नाटकात सापडला. त्याची अळी पानावर थांबत नाही, फळात शिरते.

तिन्ही पानांवर पांढरी खूण. तिन्हींना घाईत एकच नाव. पण उपाय तिन्हींचे वेगळे. पिवळ्या चिकट सापळ्यावर लिरिओमायझा माशी येते. टूटाच्या नर पतंगाला कामगंध सापळा लागतो, आणि त्यातही गंधगोळी त्याच जातीची हवी, संत्र्यावरच्या पतंगाची चालत नाही. टोमॅटोवर टूटा असताना ‘नेहमीची नागअळी आहे, पानाचंच नुकसान होणार’ म्हणून दुर्लक्ष केलं, तर फळं हातची जातात.

उलटी चूकही तितकीच महाग. साधी लिरिओमायझा असताना घाबरून जालीम औषध मारलं, तर पानाच्या आतली अळी अनेकदा वाचते, आणि मरतात कोण? त्या बरणीतून निघणाऱ्या बारीक गांधीलमाश्या! अळीला फुकटात संपवणारे मित्रकीटकच गेले की माशीला रान मोकळं. लिरिओमायझाच्या बाबतीत हे जगात अनेक ठिकाणी घडलंय: फवारणी वाढली आणि कीडही वाढली. त्यात या माश्या औषधांना लवकर दाद देईनाशा होतात.

नाव चुकतं तेव्हा ते फक्त पुस्तकात चुकत नाही. फवारणीचा खर्च, मजुरी आणि पीक, सगळं त्या नावामागे जातं.

तुम्ही काय करू शकता?

अ‍ॅप काढून टाका असं मी म्हणत नाहीये, मीही वापरतो. पण त्याने दिलेलं नाव निकाल म्हणून घेऊ नका, संशयित म्हणून घ्या. आणि पुढच्या वेळी रेघ दिसली की एवढं करा.

झाड कुठलं ते आधी नोंदवा, त्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. रेघेची सुरुवात आणि शेवट, दोन्हींचे जवळून फोटो काढा. पान उलटं करून मागची बाजू घ्या. मग पान उजेडासमोर धरून एक फोटो, म्हणजे आतली अळी, विष्ठा आणि कोष दिसतील. आणि जमलं तर कर्नलनी केलं तेच करा. ते पान एका बरणीत ठेवा, तळाला किंचित ओलसर टिश्यू, तोंडाला बारीक कापड. तारीख आणि झाडाचं नाव लिहून चिकटवा. रोज एकदा बघा.

दोन-तीन आठवड्यांत बहुधा काहीतरी बाहेर येईल. माशी असेल, पतंग असेल, नाहीतर ती छोटी गांधीलमाशी असेल. जे काही असेल त्याचा फोटो काढून अ‍ॅपवर किंवा तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठात, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आता तुमच्याकडे अर्धा नाही, पूर्ण पुरावा असेल.

१८५१ साली फ्रान्समधल्या एका लष्करी माणसाकडे डीएनए तपासणी नव्हती, फोन नव्हता. पानं होती आणि थांबायची तयारी होती. तेवढ्यावर त्यांनी दिलेली नावं आजही तुमच्या फोनवर येतात, हनीसकलसाठीही आणि वाटाण्यासाठीही.

बरणी ठेवलीत तर काय निघालं ते नक्की कळवा. गांधीलमाशी निघाली तर हिरमुसू नका, ती आपल्याच बाजूची आहे. भेटू पुढच्या भागात!